बावीस मिनिटांची आडवी रेषा

नरहरी टेंभेकरांनी मुलीच्या छापील पानांवर सरळ आपला कागद पसरला. चांगला चार हात लांब, कडांना पिवळा पडलेला कागद. इतकी वर्षे गुंडाळीत काढल्यामुळे उलगडण्याची त्याची मुळीच इच्छा दिसत नव्हती. एका कोपऱ्यावर त्यांनी मोहरीची बरणी ठेवली, दुसऱ्यावर चष्म्याचे घर, तिसऱ्यावर स्वतःचा तळहात. चौथा कोपरा वळून इरावतीच्या चहात बुडणार, एवढ्यात तिने कप उचलला.

"पाह्य," ते म्हणाले.

"बाबा, मले पाचच्या आत उत्तर पाठवायचं आहे."

"म्हणूनच आणला न बाई. तू सकाळी जे सांगून राहिली होती, ते हेच आहे."

इरावतीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. साडेबारा. स्वयंपाकघरात आईने सांबारवड्या तळायला घेतल्या होत्या आणि त्यांच्या पोटातल्या, डिसेंबरातल्या कोथिंबिरीचा वास समता कॉलोनीतले ते छोटे घर भरून गच्चीपर्यंत गेला होता. अशा वासात कोणावर सूड उगवणे कठीण असते. इरावती मात्र सकाळपासून तेच करू पाहत होती.

तिचा राग उकळणाऱ्या जातीचा नव्हता, गोठणाऱ्या जातीचा होता. अकरा दिवसांपूर्वी पुण्याच्या डॉ. शिशिर देवस्थळे यांच्या आगामी लेखातील तळटीप संपादकांनी तिच्याकडे पाठवली, तेव्हा तिने ती एकदा वाचली, लाल पेन घेऊन तीत राहिलेले दोन स्वल्पविराम घातले आणि वर्गावर निघून गेली. टीप अशी होती: 'डॉ. टेंभेकर यांची कसोटी ही प्रस्तुत लेखकाच्याच कसोटीचे अधिक लांबलचक रूप असून दोहोंत केवळ नावाचा फरक आहे.' चोरीला चोरी म्हणण्याची रीत विद्वानांच्या जगात नाही. तिथे तिला समतुल्यता म्हणतात, आणि खाली संदर्भ देतात.

त्यातला विनोद इरावतीच्या नजरेतून सुटला नव्हता. दोन सिद्धांत खरोखर दोन आहेत, की एकाच सिद्धांताने दोन कपडे घातले आहेत, हे कसे ओळखायचे, एवढ्याच एका प्रश्नावर तिने रायपूरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवता शिकवता अकरा वर्षे काढली होती. आणि आता तिचाच सिद्धांत दुसऱ्याचे कपडे घालून उभा असल्याचे तिला सांगण्यात येत होते. वृद्ध संपादकांनी सौजन्याने लिहिले होते की तिची गणिती सिद्धता निर्दोष आहे, परंतु वाचक सिद्धता वाचत नाहीत. देवस्थळ्यांची कसोटी ज्याला 'एक' म्हणेल आणि तिची कसोटी 'दोन' म्हणेल, असे एखादे साधे, डोळ्यांना दिसणारे उदाहरण तिने शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत द्यावे. नपेक्षा ती टीप आहे तशी छापली जाईल.

आज शुक्रवार होता. उदाहरण नव्हते.

हे सारे वडिलांना सांगण्याची वेळ पपईमुळे आली होती. सकाळी ती पपई चिरत होती आणि नरहरी काही वेळ नुसते पाहत राहिले होते.

"पपईनं तुह्यं काय वाकडं केलं?" त्यांनी विचारले.

मग तिने सांगितले, आणि चिडलेले माणूस सांगते तसे फार सोपे करून सांगितले. "शिशिर म्हणते, माझी गोष्ट तुमच्या भाषेत सांगता आली, अन् तुमची माझ्या भाषेत, की झालं. दोन्ही एकच. मी म्हणते, तेवढ्यानं होत नाही. माझ्याकडून तुमच्याकडे गेलं, अन् तुमच्याकडून वापस माझ्याकडे आलं, तर जिथून निघाली होती नेमकी तिथंच पोचली पाहिजे मी. पोचली तर एक. शेजारच्या गल्लीत पोचली, तर दोन."

"अन् तो म्हणते, वापस यायची गरज नाही?"

"तो म्हणते, जाता आलं न, मग येणं काय वेगळं आहे!"

नरहरी पपईची फोड चघळत राहिले होते. मग आतल्या खोलीत गेले, आणि थोड्या वेळाने पलंगाखालची लोखंडी पेटी ओढल्याचा आवाज आला होता.

आता तो कागद टेबलावर होता. इरावतीला त्याची ओळख करून देण्याची गरज नव्हती. नरहरी टेंभेकर चौतीस वर्षे रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात होते. गाडी चालवणे किंवा झेंडी दाखवणे हे त्यांचे काम नव्हते. कानाला टेलिफोन लावून बसायचे. गाडी केव्हा आली, केव्हा सुटली, ते एकेक स्टेशनमास्तर सांगणार, आणि ह्यांनी ते पेन्सिलीने मांडत जायचे. आडव्या रेषा स्टेशनांच्या, उभ्या रेषा वेळेच्या, आणि त्यांच्या जाळीतून तिरकी चढणारी वा उतरणारी प्रत्येक रेषा म्हणजे एक गाडी. जुने चार्ट रद्दीत निघाले की ते घरी येत. इरावतीने पहिला हत्ती, पहिला बेरजेचा ताळा आणि पहिले प्रमेय अशाच चार्टांच्या पाठकोऱ्या बाजूंवर काढले होते.

"हा चार्ट," नरहरी म्हणाले. "अन् स्टेशनमास्तरजवळ राह्यते रजिस्टर. गाडी आली इतक्या वाजता, सुटली इतक्या वाजता, सही. बरोबर? आता समज, चार्ट जळाला. मी साऱ्या स्टेशनांचे रजिस्टर बोलावले, ठिपके मांडले, पट्टीनं जोडले. चार्ट तयार. समज, रजिस्टरं जळाले. मी चार्टावरून टाइम वाचले, लिहिले. रजिस्टरं तयार. तुह्या शिशिरच्या हिशेबानं काय झालं?"

"तो माझा नाही. पण त्याच्या हिशेबानं एकच झाले."

"आता तू वापस ये."

इरावतीने कप खाली ठेवला. मघापासून ती वडिलांचे ऐकत होती ती मुलगी म्हणून. आता तिने खुर्ची ओढली. रजिस्टरावरून चार्ट, चार्टावरून पुन्हा रजिस्टर: जिथून निघालो तिथेच. हरकत नाही. आता उलट. चार्टावरून रजिस्टर, आणि रजिस्टरावरून पुन्हा चार्ट. तिने एका रेषेवर बोट ठेवले आणि ती रायपूरहून वर सरकू लागली. मांढर, सिलयारी, तिल्दा, हथबंद. रेषा चढत होती, स्टेशनात क्षणभर टेकत होती, पुन्हा चढत होती.

हथबंदच्या पुढे तिचे बोट थांबले.

दोन स्टेशनांच्या मधल्या कोऱ्या पट्टीत, जिथे कुठलेच स्टेशन नव्हते, तिथे ती रेषा चढता चढता आडवी झाली होती. बोटाच्या दोन पेरांएवढी आडवी गेली होती, आणि मग काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा भाटापाऱ्याकडे चढली होती.

"ही गाडी उभी आहे," इरावती हळूच म्हणाली.

"बावीस मिनिटं."

"पण स्टेशनात नाही."

"स्टेशनात असती, तर रजिस्टरात असती. हथबंदवाल्यानं लिहिलं, सुटली. भाटापाऱ्यावाल्यानं लिहिलं, आली, बावीस मिनिटं लेट. दोघंही खरं बोलले. मधात काय झालं, ते दोघाइले विचारू नको."

"म्हणजे रजिस्टरावरून वापस चार्ट काढला तर..." तिने वडिलांच्या खिशातली पेन्सिल न विचारता काढून घेतली आणि हवेतल्या हवेत, कागदाला न टेकवता, हथबंदपासून भाटापाऱ्यापर्यंत एक सरळ तिरकी रेषा ओढली. "ही गाडी उभी राहिलीच नाही! नुसती हळू चालली!"

"हव," नरहरी म्हणाले. हा होकार त्यांनी छत्तीसगढ्यांकडून घेतला होता आणि तो ते फक्त समाधानाच्या वेळी वापरत.

इरावती हसली. अकरा दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती, आणि त्या हसण्याला सराव सुटल्याचा थोडा आवाज होता. स्वयंपाकघरातून आईने विचारले, "काय झालं गं?" आणि तिला कोणी उत्तर दिले नाही, कारण इरावती आता शिशिर देवस्थळ्यांच्या बाजूने भांडू लागली होती. प्रतिपक्षाची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता आल्याशिवाय ती कोणाला हरवत नसे. तिच्या मते ती किमान सभ्यता होती.

"तो म्हणेल, रजिस्टरात एक रकाना वाढवा. मधे कुठं थांबली ते लिहा. मग दोन्ही एकच होतील."

"वाढव म्हणा. मंग ते दुसरं रजिस्टर झालं. हे नाही राह्यलं."

इरावतीने ते वाक्य पाकिटाच्या पाठीवर जसेच्या तसे लिहून घेतले. देवस्थळ्यांच्या पंचावन्न पानांना ते एक वाक्य पुरून उरत होते.

"बाबा, तुम्हाले समजते काय, तुम्ही काय सांगितलं ते?"

"ह्यात काय समजायचं! नव्या कंट्रोलरले पयल्या आठवड्यात सांगतात हे."

"आमच्या विभागात अकरा वर्षं लागतात."

नरहरींनी तळहात कोपऱ्यावरून काढला आणि त्या जागी पपईची बशी सरकवली. ते खूश होते आणि ते लपवण्यासाठी चष्मा पुसत होते. इरावती पुन्हा रेषेवर वाकली. उदाहरण मिळाले होते. आता ते ठोकून पाहायला हवे होते. एक गोष्ट तिला खटकत होती.

"पण मग तुम्हाले कसं समजलं? तुम्ही तर ऑफिसात बसले होते, बिलासपूरले. तुम्हाले स्टेशनवालेच सांगणार. अन् स्टेशनवाल्याइले तर मालूम नाही. ही आडवी रेषा आली कुठून?"

"गार्डनं सांगितलं."

"शेतातून?"

"गार्डजवळ फोन राह्ये तेव्हा, डब्यातला. लाइनच्या बाजूच्या तारेवर काठीनं आकडा अडकवला की कंट्रोलशी बोलता ये."

"अन् उभी काहून होती?"

"स्टीम," नरहरी म्हणाले. "इंजिनची वाफ बसली होती. कोळसा खराब आला होता. अजून काय राह्यते?"

ते जरा लवकर बोलले. आणि मग त्यांनी मोहरीची बरणी, जी अगदी योग्य जागी होती, उचलून दोन बोटे पलीकडे ठेवली.

स्वयंपाकघरातला तळण्याचा आवाज बंद झाला. हातात झारा घेऊन विनोदिनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या रायपूरच्याच, भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेल्या आणि परत जायचे विसरलेल्या घराण्यातल्या. आमचे पूर्वज घोड्यावर बसून आले, तुम्ही रेल्वेचा पास दाखवून, हे वाक्य त्यांनी सासरी पहिल्या वर्षी म्हटले होते आणि अजून मागे घेतले नव्हते.

"स्टीम," त्या म्हणाल्या.

"अवं, वड्या जळतीन."

"जळू द्या. पंचेचाळीस वर्षं झाले, स्टीम न् स्टीम. कोणता चार्ट आहे तो?" त्यांनी पुढे येऊन कागदाच्या डोक्यावरची तारीख वाचली. बारा नोव्हेंबर, एकोणीसशे ऐंशी. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याला राग म्हणता आले नसते. "हा अजून आहे? मले तर सांगितलं, रद्दीत गेला म्हणून!"

"पाठकोरा होता, म्हणून ठेवला."

"आई," इरावती म्हणाली, "तुले ही गाडी माहीत आहे?"

"माहीत काय, मी बसली होती तिच्यात!" विनोदिनीबाईंनी झारा बशीत ठेवला आणि त्या खुर्चीवर बसल्या. "भाऊबीज करून बिलासपूरले चालली होती क्वार्टरवर. भाटापाऱ्याच्या अलीकडे गाडी उभी राह्यली ते राह्यलीच. दोन्हीकडे धान कापून राहिले होते. मी खिडकीतून पाहून राहिली, तर नीलकंठ साहू गार्ड तारेवर काठी टेकवून बोलून राहिला. तो आपल्या क्वार्टरच्या लाइनीतला न, ओळखीचा. मले पाहून ओरडला, 'भौजी, साहब लाइन मा हें, गोठिया लव!' म्हणजे बोलून घ्या. मी उतरली."

"उतरली? शेतात?"

"मंग! लुगडं सावरत गिट्टीवरून गेली. जिंदगीत पयल्यांदा फोन हातात घेतला होता मी. अन् मले वाटे, फोन म्हणजे एका बाजूले एक माणूस, अन् दुसऱ्या बाजूले एक." त्या थांबल्या आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. नरहरी खिडकीबाहेरचा पेरू पाहत होते. "दोन दिवसाआधी रायपूरच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं. संध्याकाळी घरी सांगणारच होती. पण तेवढा दम निघे ना. मी म्हटलं, अहो, मी एकटी नाही येऊन राहिली."

इरावतीच्या हातातली पेन्सिल टेबलावर टेकली.

"तर हे काय म्हणतात? कंट्रोलर न! 'मंग सोबत कोण आहे? तिकीट काढलं काय त्याचं?'"

"लाइन साफ नव्हती," नरहरी खिडकीकडे पाहत म्हणाले. "खरखर होती."

"खरखर! मी म्हटलं, तिकीट नाही लागत अजून. जूनमधे येईन ते. अन् मंग एकदम सारं चूप. मले वाटलं, फोन बिघडला. तेवढ्यात कोणीतरी तिसराच बोलला, 'टेंभेकर साहब, भाटापारा से बोल रहा हूँ, बधाई हो! मिठाई यहीं उतरवाइएगा.' त्याच्या मागून दुसरा, 'तिल्दा भी सुन रहा है साहब!' मंग सिलयारी. मंग बिल्हा. सारी लाइन कान लावून बसली होती गं! मी तो फोन असा फेकला नीलकंठच्या अंगावर, अन् पळाली डब्यात."

"कंट्रोलचा फोन आहे तो," नरहरी आता वळले. आवाजात अधिकृत खुलासा होता, पण मिशीखाली ओठ जागेवर राहत नव्हते. "एक बोलला की साऱ्याइले ऐकू येते. तसाच राह्यते. एकशे दहा किलोमीटरात एक मास्तर नाही सुटला. सात महिने, इरा, सात महिने मी ड्यूटीवर बसलो की पयले तुह्या आईची तब्येत विचारत, अन् मंग गाडी सांगत. एक नवा पोट्टा आला होता दाधापाऱ्यात. त्यालेही कोणीतरी चार्ज देताना सांगून गेलं होतं."

"अन् हे मले चव्वेचाळीस वर्षांत कोणीच नाही सांगितलं?"

"हिनं शपथ घातली होती," नरहरी म्हणाले.

"मंग काय करू! लाज नाही वाटत का माणसाले?" विनोदिनीबाई उठल्या, झारा उचलला, आणि दारात पोचल्यावर वळून म्हणाल्या, "स्टीम होती, ते खरं आहे. नाही म्हणत नाही मी."

त्या आत गेल्या. तेल पुन्हा बोलू लागले. इरावती बसून राहिली. आईच्या गोष्टीतून बाबांची गोष्ट काढता येत होती: वाफ बसली, बावीस मिनिटे गेली, गाडी लेट झाली. बाबांच्या गोष्टीतून आईच्या गोष्टीकडे मात्र कुठलाच रस्ता जात नव्हता. आणि दोन्ही गोष्टी चव्वेचाळीस वर्षे एकाच ताटात जेवत आल्या होत्या.

दीड ते चार ती लिहीत राहिली. तिने कधीच इतके सरळ लिहिले नव्हते. कोणाचा अपमान करावा असे तिला आता फारसे वाटत नव्हते, आणि त्यामुळे तो अधिक चांगला होत होता. 'डॉ. देवस्थळे यांच्या कसोटीनुसार ही गाडी थांबली नाही. तीतील उतारूंचे मत वेगळे असू शकते.' हे वाक्य तिने दोनदा वाचले आणि राहू दिले. मधे एकदा सांबारवड्यांची बशी आली आणि रिकामी होऊन गेली. ती केव्हा रिकामी झाली, हे तिला आठवेना. नरहरी समोर बसून काहीही न करता तिच्याकडे पाहत होते. कंट्रोल ऑफिसात गाडी दोन स्टेशनांच्या मधे असते तेव्हा कंट्रोलरला दुसरे काही करण्यासारखे नसते.

साडेचारला तिने चार्टाचा फोटो काढला. आकृतीसाठी फक्त हथबंद ते भाटापारा एवढा तुकडा हवा होता. बाकीचे कापून टाकण्यासाठी तिने पडद्यावर ती जागा मोठी केली.

आडव्या रेषेच्या शेवटी, जिथून गाडी पुन्हा चढू लागली होती, तिथून दोन रेषा निघत होत्या.

दुसरी इतकी बारीक होती की कागदावर तिला ती दिसलीच नव्हती. तिने फोन खाली ठेवला, वडिलांचे भिंग घेतले आणि मूळ कागदावर वाकली. खरेच होती. टोक काढलेल्या पेन्सिलीची, केसाएवढी, गाडीच्या रेषेला अगदी चिकटून पण तिला कुठेही न शिवता चढत गेलेली. प्रत्येक गाडीच्या रेषेवर तिचा क्रमांक असतो, हिच्यावर नव्हता. गाड्या स्टेशनात सुरू होतात. ही हथबंद आणि भाटापाऱ्याच्या मधे, आई गाडीतून उतरली होती तिथे, धानाच्या शेतात सुरू झाली होती. ती बिलासपूरपर्यंत गेली, आणि तिथे गाडीची रेषा संपली तरी ही संपली नाही. बिलासपूरच्या रेषेला बिलगून ती उजवीकडे निघाली, दुपार ओलांडून, संध्याकाळ ओलांडून, मध्यरात्रीशी कागद संपेपर्यंत.

नंतर कधीतरी हौसेने ओढली असेल, ही शंका घेणे तिचे कर्तव्य होते. तिने घेतली. चार वाजल्यानंतरच्या, दुसऱ्या पाळीच्या कंट्रोलरच्या रेषा वेगळ्या हाताच्या होत्या, जाड आणि घाईच्या. त्या बिलासपूरला येऊन टेकत होत्या. आणि जिथे जिथे ती बारीक रेषा वाटेत होती, तिथे त्या जाड हाताने आपली पेन्सिल उचलली होती, ती रेषा ओलांडली होती, आणि मग पुन्हा टेकवली होती.

"बाबा, हे काय आहे?"

नरहरी वाकले. भिंगातून बराच वेळ पाहिले, जणू हा कागद त्यांनी आजच पाहिला होता.

"पेन्सिल सरकली असन," ते म्हणाले.

इरावतीने चार्टाची कड उचलून पाठ पाहिली. ना हत्ती, ना बेरीज. घरात आलेल्या शेकडो चार्टांपैकी पाठ कोरी राहिलेला तिने पाहिलेला हा एकच होता.

तिने कड हळूच खाली ठेवली. युक्तिवादाला जे आवश्यक नाही ते आकृतीत असू नये, हे ती पंधरा वर्षे मुलांना शिकवत आली होती. तिने फोटोची चौकट हथबंद-भाटापाऱ्यापासून सरकवत सरकवत उजव्या कडेपर्यंत नेली, आणि खाली लिहिले: 'आकृती १. बावीस मिनिटांचा मुक्काम, जो रजिस्टरावरून परत मिळत नाही. त्याच ठिकाणी सुरू होणाऱ्या, क्रमांक नसलेल्या रेषेचा प्रस्तुत विवेचनात उपयोग केलेला नाही. ती कोणत्याही रजिस्टरात नाही.'

मग तिने बटण दाबले.

"गेलं?" नरहरींनी विचारले.

"गेलं."

त्यांनी भिंतीवरचे घड्याळ पाहिले, टेबलावरची आपली पेन्सिल उचलली, आणि चौतीस वर्षांची सवय असलेल्या हाताने कागदाच्या उजव्या कडेला, ती बारीक रेषा जिथे संपत होती तिथे, एक छोटा ठिपका दिला. त्याच्याशेजारी लिहिले: १६:५२.

विनोदिनीबाई हात पुसत बाहेर आल्या आणि नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून पाहू लागल्या.

"किती लेट?" त्यांनी विचारले.

"राइट टाइम," नरहरी म्हणाले.